न धरलेला महिना

दामिनीमामी जमिनीवरून एकदम उठत नसे. आधी ती दोन्ही हात मागे टेकायची आणि म्हणायची, "हं." मग एका गुडघ्यावर यायची आणि तिथेच थांबायची, पुढे काय करायचं ते विसरल्यासारखी. शेवटी भिंतीचा कोपरा धरून उभी राहायची आणि स्वतःलाच सांगायची, "झालं." तिच्या 'हं' आणि 'झालं'च्या मध्ये माझ्या आजीच्या दोन हाका येऊन जायच्या. "दामिनी, पापड आत घे." "दामिनी, पाव्हनास्ले पानी दे." मामी उठेपर्यंत पाहुणे पाणी पिऊन गेलेले असायचे.

मामाचं गाव तापीच्या काठाला, प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे, आणि सुट्टीत मी तिथेच असायचे. त्या वर्षी जेठात धोंडा आला होता, म्हणजे अधिक महिना. रोज गावावरून ट्रॅक्टर भरभरून बायका प्रकाशाला आंघोळीला जायच्या आणि येताना आमच्या ओट्यावर टेकायच्या. ऊन असं की केळीच्या पानांनी कान पाडलेले. घरातला कूलर लाईट असेल तेवढा वेळ ओरडायचा आणि बाकीचा वेळ टपटपायचा. अशा उन्हात मामीचे शेवटचे आठवडे चालले होते.

मामी शहाद्याच्या पलीकडची. तीन भावांच्या पाठीवरची एकटी बहीण. एफवायपर्यंत शिकली, शिवणकाम शिकली, लग्नात माहेरहून मशीन घेऊन आली. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगात तिनं शिवलेले ब्लाऊज. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, कुणी नव्या ब्लाऊजला घट्ट म्हणाली की मामी शांतपणे म्हणायची, "ब्लाऊज तोच आहे, आखाजीच्या पुरणपोळ्या आत आल्यात." ती हसायची तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. तिचं बोलणंही असंच, कमी. काही सांगा, "चालेल." गव्हाची कोठी साफ करायची? चालेल. धोंड्याला नणंद-नंदोई जेवायला येणार? चालेल. फक्त दुपारी, सगळे आडवे झाले की माझ्या शेजारी पडून म्हणायची, "रेडिओ, लाव जरा."

रेडिओ म्हणजे मी. मला माणसांचे आवाज काढता येतात. मामीची फर्माईश ठरलेली असायची: "सिस्टर लाव."

सिस्टर म्हणजे उपकेंद्रातल्या रमिलाबाई. त्या नाकातून एक मोठा श्वास घ्यायच्या आणि मग न थांबता बोलायच्या. मीही तसाच श्वास घ्यायचे आणि सुरू करायचे: "आता ऐका हं दामिनीताई. बाळाचं सगळं बनून झालंय बरं का. घर बांधून झालं, आता गिलावा चाललाय. कातडीखाली चरबी धरतेय, म्हणजे बाहेर आल्यावर गार पडायचं नाही. अंगावरची लव झडतेय. फुफ्फुसं पिकतायत, आतल्या आत श्वासाची तालीम चाललीय. उचक्या लागतात ना, त्याही त्यातल्याच. डोकं खाली सरकलंय, म्हणून सारखं लघवीला होतं बरं का. जागा कमी झाली म्हणून उड्या मारणार नाही, पण ढोसणार, वळणार. ते कमी झालं की मला बोलवायचं. झोपलं असेल म्हणून बसायचं नाही. आणि त्याला ऐकू येतं, त्याच्याशी बोलत जा बरं का."

"हे ऐकू येतं ते खरं असेल," मामी म्हणायची, "तर या पोराला वाटत असेल, घरात पंधरा माणसं आहेत." आणि तिचे खांदे हलायचे. पोटही हलायचं. कधी तिच्या हसण्यानं, कधी आतून. आतून हललं की एका बाजूला टेकडी यायची आणि सरकत दुसऱ्या बाजूला जायची. मामी तिच्यावर हात ठेवायची आणि डोळे मिटायची. झोपायची मात्र नाही. झोप तिला कुशीवर लागेना, पाठीवर लागेना, बसून लागली की आजीची हाक यायची.

आजी वाईट नव्हती. सरलाबाई म्हणजे गावात वजन असलेली बाई. ती गुजरी आणि अहिराणी एकाच कढईत तळते आणि वर शाळेच्या मराठीची कोथिंबीर भुरभुरते. तिचा हिशेब एवढाच होता की दामिनीला अजून वेळ आहे. वेळ आहे तर काम होतं, आणि काम असलं की बाळंतपण सोपं जातं.

यावरून एकदा रमिलाबाईंशी तिचं ओट्यावरच झालं.

"सिस्टरबाई, हाऊ आठवाच शे."

"आजी, नववा लागून किती दिवस झाले."

"कसा लागना? नवरात्रपासीन धर. आखाजीपावत आठ. आते चालू शे धोंडा. धोंडा कोनी धरस का? वाढीव महिना तो, देवना महिना. त्यामा ना लगीन, ना वास्तू, ना सून माहेरले धाडतस. धोंडा सरना का नववा लागी. मंग धाडसू तिले."

रमिलाबाईंनी नाकातून श्वास घेतला आणि त्याही अहिराणीवर आल्या. "मंग महिनाभर बाळ पोटमा काय करी ऱ्हायनं, आजी?"

आजीनं जरासुद्धा विचार केला नाही. "बठेल शे," ती म्हणाली.

रमिलाबाईंनी सोनोग्राफीचे कागद काढले. तिथे त्यांचं नशीब फिरलं. पहिल्या कागदावर एक तारीख होती, नंतरच्या कागदावर दुसरी. रमिलाबाई समजावून सांगत होत्या की आधीची तारीख खरी धरायची, बाळ मोठं झाल्यावर मशीनचा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो. पण आजीनं पदर झटकला. "त्यास्नंच जमत नही, आन मले शिकाडतस."

त्या दुपारी मी मामीला सगळा कार्यक्रम दोन्ही आवाजांत ऐकवला. 'बठेल शे'ला मामीचे खांदे इतके हलले की तिला उचकी लागली. मग ती एकदम थांबली. छताकडे बघत राहिली.

"आणि खरंच बसलं असेल तर?" ती म्हणाली.

"मामी, काहीही काय."

"आईंच्या हिशेबानं आठवा आहे. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. आणि मी बघितलंय."

दोन वर्षांपूर्वी मामीला मुलगी झाली होती, आठव्यात. नंदुरबारला काचेच्या पेटीत होती. मम्मी मला दाखवायला घेऊन गेली नव्हती. नाव ठेवायच्या आधीच ती गेली आणि घरात पुन्हा कुणी तिचा विषय काढला नाही. मामीनं त्या वेळी शिवून ठेवलेली झबली कुठे गेली, तेही कुणी विचारलं नाही.

"दिवसा मला सिस्टरचं पटतं," मामी म्हणाली. "संध्याकाळ झाली की आईंचं पटायला लागतं. रोज मी त्याला सांगते, धोंडा संपेपर्यंत थांब रे. तेवढं थांब, मग ये. मग तुला कुणी काही म्हणणार नाही." तिनं पोटावरचा हात काढला नाही. "दमले ग मी याला धरून ठेवून."

तिचं दमणं मला तेव्हा कळलं. पायांना सूज होती, कंबर दुखत होती, झोप नव्हती, हे सगळं दिसत होतं. पण ती महिनाभर पोटातल्या पोटात दार लोटून उभी होती, ते कुणाला दिसत नव्हतं.

धोंडा संपत आला तसा माझ्या पप्पांच्या जेवणाचा दिवस आला. जावयाला धोंडे, म्हणजे पुरण भरून तळलेले गोळे, खाऊ घालायचे, अनारशांचं ताट द्यायचं, वर दिवा ठेवायचा. पप्पा म्हणजे भूपेंद्रराव. ते घरून निघतानाच शर्टाचं खालचं बटण सोडून निघाले होते. मामा, हेमराजमामा, घरी नव्हता. केळीची कटाई होती आणि व्यापाऱ्याचा ट्रक आदल्या दिवसाऐवजी नेमका त्याच दिवशी आला. मामा जाताना म्हणाला, "येतो ट्रक भरून." मामा केळीच्या कामाला गेला की त्याचं येणं ट्रकच्या हातात असतं.

ओसरीत पप्पा आणि आजोबा जेवायला बसले. माझे आजोबा उखा पाटील. ते आणि मामी एका घरात इतकी वर्षं राहिले, पण एकमेकांशी कधी बोलले नव्हते. आमच्यात सासऱ्यासमोर सून लाज काढते, डोक्यावरचा पदर पुढे ओढते, तोंडातून शब्द काढत नाही. सासराही तिला थेट काही सांगत नाही. आजोबांना मामीला काही सांगायचं असलं की ते मला सांगायचे. मी नसले तर म्हशीला सांगायचे, आणि म्हैस चरायला गेली असली तर खांबाला. "उन्हात वाळवण उचलू नये माणसानं," असं ते खांबाला म्हणायचे, आणि मामी आत थांबायची.

स्वयंपाकघरात मामी धोंडे तळत होती. आजी पुरण भरत होती, मम्मी लाटत होती. मी ताटं ने-आण करत होते. ओसरीतून पप्पांचा आवाज येत होता. "बस बस बस. नको. एकच. बरं, तूप आहे तर दोन." आजी खूश होती.

मी रिकामी वाटी घेऊन आत आले तेव्हा मामीच्या हातातला झारा कढईत तसाच थांबला होता. दुसऱ्या हातानं तिनं ओट्याची कड धरली होती, बोटं पांढरी होईपर्यंत. कढईतला धोंडा काळा झाला. मग तिनं श्वास सोडला आणि झारा हलवला.

"मामी?"

"काही नाही. हा करपला, बाजूला ठेव."

थोड्या वेळानं पुन्हा तसंच. या वेळी मी तिच्या अगदी जवळ होते. तिच्या ओठांवर घाम आला होता.

"सकाळपासून आहे," ती माझ्या कानाशी म्हणाली. "कुणाला सांगू नको. अजून धोंडा आहे. जाईल ते. थांबेल."

"सिस्टर म्हणाल्यात ना, नववा..."

"तू आता रेडिओ लावू नको," मामी म्हणाली आणि पदर पुढे ओढून वाढायला बाहेर गेली.

मी तिच्या मागे गेले. ती पप्पांच्या ताटात धोंडा वाढून वळली, आणि दाराच्या चौकटीशी थांबली. चौकट धरली. पाठ वाकली. सरळ झाली. आत आली. पुन्हा तूप घेऊन गेली, पुन्हा त्याच चौकटीशी थांबली. पप्पांचं लक्ष तुपात होतं. आजोबांचं मात्र जेवण थांबलं होतं. त्यांनी घास ताटात परत ठेवला, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि उठले. पप्पा म्हणाले, "हे काय, अर्धं ताट?" आजोबा थांबले नाहीत. ते चालत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. त्या दाराशी ते कधी येत नसत. पाणी लागलं तरी ओसरीतूनच खाकरायचे.

"दामिनी बेटा," ते म्हणाले.

आजीचा हात पुरणात थांबला. मम्मीनं लाटणं खाली ठेवलं. मामीनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"कधीपासून?"

मला वाटलं, आता ती मला खूण करेल आणि मी सांगायचं. पण पदराच्या आतून तिचाच आवाज आला. "सकाळपासून, बाबा."

"व माय," आजी म्हणाली. "आठवामा कळा कशा येतीन? वारा व्हई पोटमा. ओवा दे तिले."

आजोबांनी आजीकडे बघितलं. "आपली म्हैस गाभन ऱ्हास तवय तिना धोंडा सोडस का तू?"

"म्हैसना कोन सोडी?"

"मंग?"

"मंग काय? सून काय म्हैस शे का?"

"नही," आजोबा म्हणाले. "म्हैसनं आपन बरोबर मोजतस."

आजीनं पुरणाचा हात धुवायला घेतला. आजोबा ओसरीकडे वळले. "भूपेंद्रराव, हात धुवा. गाडी काढा."

पप्पा उठले. पोटात इतके धोंडे घेऊन माणूस एवढ्या चपळाईनं उठू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

गाडीत पुढे पप्पा आणि मम्मी, मागे आजी, मामी आणि मी. मामीचं डोकं आजीच्या मांडीवर. पाय माझ्या मांडीवर, सुजून गुळगुळीत झालेले. आजोबा अंगणातच राहिले, मामाला फोन लावत. शहाद्याचा रस्ता उन्हानं पांढरा झाला होता. पुढे केळीचा ट्रॅक्टर आला की पप्पा हॉर्नवर हात ठेवायचे तो काढायचेच नाहीत.

मामी कळ आली की माझं मनगट दाबायची, गेली की सोडायची. आवाज नाही. कळ गेल्यावर ती एकदाच बोलली. "आई, पेटीत नाही ना ठेवणार?"

आजी खिडकीतून बाहेर बघत होती. मग मला दिसलं, तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती, आणि मला सवय असल्यामुळे ऐकू येत होतं. "नवरात्र. तुळशीनं लगीन. सारंगखेडानी जत्रा. सक्रांत. शिवरात. व्होळी. पाडवा. आखाजी." अंगठा आखाजीच्या पेरावर येऊन थांबला. तिथेच राहिला. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. गावच्या बायकांना आठव्याचं कुणाकुणाचं काय झालं ते सांगणारी आजी, तिचे ओठ नुसतेच हलत होते. त्या काचेच्या पेटीबाहेर तीही बसली होती, हे माझ्या आधी ध्यानात आलं नव्हतं.

मामीनं पुन्हा माझं मनगट दाबलं. बराच वेळ दाबलं.

आजीनं अंगठा पुढच्या पेरावर ठेवला. "धोंडा," ती मोठ्यानं म्हणाली. "नऊ."

मामीनं डोळे उघडले. "आई?"

"नऊ व्हयनात, बेटा. मी धोंडा धरना."

"नक्की?"

"नक्की. आते त्याले अडकाडू नको. येऊ दे."

मामीनं मान हलवली. आणि मग तिचा पहिला आवाज आला, मोठा, आतून. पप्पांनी आरशात बघितलं आणि गाडी अजून दामटली. आजी तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. "येऊ दे, बेटा, येऊ दे," एवढंच म्हणत होती, आणि मध्येच पप्पांना, "भूपेंद्रराव, खड्डा बघीसन."

दवाखान्यात मामीला आत नेलं आणि दार लावलं. बाहेरच्या बाकावर आजी बसली. ती देवाचं नावही घेत नव्हती. मम्मीनं पाणी दिलं, नको म्हणाली. पप्पांनी चहा आणला, तो निवला. मीही कुणाचा आवाज काढला नाही. आतून येणाऱ्या आवाजांमधला मामीचा कोणता, तेवढं ओळखत बसले. ओळखू येत नव्हता. मामीला ओरडताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

मामा आला तेव्हा त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. ट्रक अर्धाच भरून टाकून आला होता. "काय झालं?" त्यानं विचारलं. आजी म्हणाली, "बठ." तो बसला.

मग एक रडणं ऐकू आलं. जाड, रागावलेलं, थांबायला तयार नसलेलं. त्या आवाजात कच्चं असं काही नव्हतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी आहे म्हणाल्या. आजी उभी राहिली. मुलगी की मुलगा, वजन किती, कशी दिसते, यातलं काही तिनं विचारलं नाही. "पेटी लागी का?" तिनं विचारलं.

"कशाला?" बाई म्हणाल्या. "पूर्ण दिवसांची आहे. आईजवळच दिलीय. दूध ओढायला लागलीसुद्धा."

आजी पुन्हा बाकावर बसली. तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मामा तिच्या पाठीवर हात ठेवून राहिला, चिकाचे डाग तिच्या लुगड्यालाही लागले. एरवी त्यावरून केवढं झालं असतं.

आम्हाला आत सोडलं तेव्हा मामी पाठीवर पडली होती. ती मुलगी तिच्या छातीवर, भिजलेल्या केसांची, मूठ मामीच्या मानेशी. मामीचा चेहरा इतका उतरला होता की ती हसली तरी खांदे हलले नाहीत. तिनं आजीकडे बघितलं.

"आई, मी आता उठणार नाही," ती म्हणाली.

"कोन उठाडस तुले," आजी म्हणाली.

मामीला तेवढंच ऐकायचं होतं. तिनं डोळे मिटले आणि ती झोपली, आम्ही समोर उभे असताना, बोलणं अर्धं असताना. मुलीला मम्मीनं हलकेच उचलून घेतलं तरी तिला कळलं नाही.

संध्याकाळी गावाकडून बायका आल्या. प्रकाशाची आंघोळ करून ट्रॅक्टर तसाच शहाद्याला वळवला होता. डोक्यावर ओले पदर, हातात तापीच्या पाण्याच्या बाटल्या. आजी दारातच खुर्ची टाकून बसली होती. पहिल्या बाईनं वाकून आत बघायचा प्रयत्न केला आणि हळू आवाजात विचारलं, "सरलाबाई, कितवामा व्हयनं वो?"

"पुरा दिवसनी शे," आजी म्हणाली. "धोंडा धरीसन मोज, म्हंजे समजी."

"दखू द्या ना जरासं तोंड. दामिनीसंगे बोलतस."

आजीनं पाय दारावर आडवा ठेवला.

"सकाय या," ती म्हणाली. "दामिनी झोपेल शे."